काजूच्या सीझनातला माकडताप: बाग सोडू नका, पण जायची पद्धत बदला

गोव्यात वाळपईजवळच्या तुमच्या बागेत दोन माकडं मेलेली दिसली, आई रोज काजू गोळा करायला जाते, तर माकडतापाच्या भीतीने यंदाचा सीझन सोडायचा का आणि त्याची लस कुठे मिळते, असं तुम्ही विचारलंय. मी सत्तरीत आरोग्याच्या कामानिमित्त वाड्यावाड्यांवर बरीच वर्षं फिरलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, आईंनाही वाचून दाखवा.

आधी त्या माकडांचं बघा. हात लावू नका, काठीने ढकलू नका, स्वतः पुरायला जाऊ नका. आजच आरोग्य केंद्रात किंवा वनखात्याला कळवा. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि तिथल्याच पाल्यात पसरतात, त्यामुळे ती जागा सगळ्यात धोक्याची. खात्याची माणसं येऊन आजूबाजूला मॅलेथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारतात. तिकडच्या झाडांखालचे काजू तूर्त पडून राहूदेत, चार किलो कमी मिळाले तरी चालतील. मारुतीचं रूप म्हणून काही ठिकाणी लोक मेलेल्या माकडाला हळदकुंकू लावून अंत्यसंस्कार करतात, भावना मला कळते, मीही मारुतीला नारळ ठेवणाराच आहे, पण कृपा करून लांबून हात जोडा.

हा आजार 1957 साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला, आपल्याकडे 2015 मध्ये सत्तरीतल्या पाली गावात आणि 2016 मध्ये शेजारी दोडामार्गच्या केर गावात. नाव माकडताप असलं तरी माकड आपल्याला तो देत नाही, तेही बिचारं त्यानेच मरतं. देते ती गोचीड, आणि तीही गुरांच्या कानात दिसते तसली टपोरी नव्हे तर तिची बारीक पिल्लं, तिळापेक्षा लहान, चावली तरी पुष्कळदा कळतच नाही. म्हणून "मला गोचीड दिसलीच नाही" यावर जाऊ नका. ही पिल्लं सुक्या दिवसांत, साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत जास्त असतात आणि नेमके तेव्हाच आपण बेणणी करतो, लाकडं आणतो, बोंडू वेचतो, दिवसभर वाकून पाल्यात हात घालतो.

सीझन सोडा असं मी सांगणार नाही, वर्षाचा खर्च त्याच्यावर असतो हे मला माहीत आहे. पण आईंना साडी नि चपलेवर पाठवू नका. पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा शर्ट, खाली पँट, पँट मोज्यात खोचलेली, वर गमबूट. फिक्या कपड्यावर गोचीड पटकन दिसते. आरोग्य केंद्रात डेपा तेलाची, म्हणजे गोचिडी लांब ठेवणाऱ्या तेलाची चौकशी करा, डीआरडीओने काढलेलं आहे, जाण्याआधी उघड्या अंगाला लावायचं, काही तासच टिकतं हे लक्षात ठेवा आणि घरी आलं की साबणाने धुवून टाका. दुपारचं जेवण पाल्यावर बसून नको, आडवं तर अजिबात पडायचं नाही. घरी आल्या आल्या कपडे थेट गरम पाण्यात, मग साबण लावून आंघोळ आणि काखा, कंबर, गुडघ्यामागे, केसांत नीट बघायचं. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल ओतू नका, चटका देऊ नका, नखाने चिरडू नका.

गुरं असतील तर गोचिडीचं औषध पशुवैद्यांना विचारून घ्या, आणि बागेतला पाला गोठ्यात अंथरायला आणू नका.

आता तापाचं, आणि खरं म्हणजे मला हेच सांगायचं होतं. गोचीड चावल्यावर साधारण 3 ते 8 दिवसांत एकदम जोराचा ताप येतो, थंडी, कपाळ फुटेल असं डोकं दुखतं, अंग ठणकतं, उलट्या, कुणाला नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त. लोक काय करतात, उन्हाचा ताप म्हणून दुकानातली गोळी घेऊन दोन दिवस घरी पडतात, आणि डॉक्टरकडे गेले तरी बागेत जातो हे सांगतच नाहीत, मग तपासणी होते डेंग्यूची आणि मलेरियाची. तेव्हा डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, "मी काजूच्या बागेत काम करतो, आमच्याकडे माकडं मेलीत." मग ते माकडतापासाठी रक्त पाठवतात. खास औषध यावर नाही, पण पाणी, सलाईन, रक्तस्रावावर लक्ष हे वेळेत झालं की बहुतेक माणसं बरी होतात, दगावण्याचं प्रमाण 3 ते 5 टक्के आहे. तापाला पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. आणि ताप उतरला म्हणून लगेच बागेत पळू नका, काही जणांना तिसऱ्या आठवड्यात परत ताप येतो, मान आखडते, हात थरथरतात, माणूस बरळतो, तसं दिसलं तर 108 ला फोन लावून सरळ गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात.

लसीचं म्हणाल तर पूर्वी एक होती, सत्तरीतही दिली होती, पण पुरेसं संरक्षण मिळत नाही म्हणून ती मागे पडली, नव्या लसीवर काम चाललंय. तिची वाट बघत बसू नका.

माणसाकडून माणसाला हा होत नाही, त्यामुळे घरात कुणाला झाला तर त्याला वेगळं टाकू नका, भांडी वेगळी करू नका. आणि बाहेरून आणलेले कामगार बागेतल्या खोपीत झोपत असतील तर त्यांनाही बूट आणि तेल तुम्हीच द्या, त्यांच्यातल्या कुणाला ताप आला की मजुरी न कापता आरोग्य केंद्रात घेऊन जा, कारण मजुरी जाईल या भीतीनेच ते ताप लपवतात.