घर आधी विकू का? आणि नंतर परत यावंसं वाटलं तर?

नमस्कार ताई, मी डोंबिवलीची, वय 68, अनुदानित शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका, मिस्टर 73. आमचा टू बीएचके तिसऱ्या मजल्यावर आहे, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आणि यांचे गुडघे आता अजिबात साथ देत नाहीत, भाजी आणायला खाली उतरले की वर यायचं टेन्शन. मुलगा कॅनडात, मुलगी नाशिकला. तळेगावजवळ एक सीनियर सिटीझन प्रोजेक्ट बघून आलो, वन बीएचके 52 लाख आणि दोघांचं जेवण, मेंटेनन्स, साफसफाई धरून महिना 28,000. माझी पेन्शन 31,000, यांची पीएफची पेन्शन 2,400, एफडी 46 लाख. डोंबिवलीचं घर 80 लाखाला जाईल म्हणतात. मला जायचंय, हे नाही म्हणतात, कट्ट्यावरचे मित्र सोडवत नाहीत. घर विकून तिकडे घेऊ का? परवडेल का?

डोंबिवलीच्या ताई, परवडेल, पण घर आत्ता विकू नका, हे मी सगळ्यात आधी सांगते कारण पत्रावरून वाटतंय तुमचा निर्णय झालेलाच आहे.

आधी हिशोब करू. 46 लाखातले 10 लाख साध्या एफडीत हाताशी ठेवा, हॉस्पिटलसाठी. उरलेले 36 लाख सीनियर सिटीझन सेव्हिंग स्कीममध्ये, तुमच्या नावावर 30 (एका माणसाला तेवढीच मर्यादा आहे) आणि मिस्टरांच्या नावावर 6. 8.2 टक्क्यांनी व्याज दर तिमाहीला येतं, महिन्याला धरलं तर 24,600 होतात. पेन्शन मिळून झाले 58,000. त्यातून 28,000 आणि औषधपाणी, मेडिक्लेम, फोन, येणंजाणं, आज तरी आरामात बसतं. पण त्या स्कीमचं व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं आणि मेंटेनन्स दरवर्षी वाढतो, 7 टक्क्यांनी जरी वाढला ना तरी दहा वर्षांत 28 चे 55 हजार होतात. म्हणून वाढ कशी होणार, किती टक्के, कोण ठरवणार हे अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, आणि सांगितलेल्या आकड्यात जीएसटी धरलाय का तेही विचारा.

आणि एक हिशोब कोणी करत नाही, तोंडावर आणायला जड जातं म्हणून. दोघांपैकी एकच राहिलं तर? घर तुमच्या पेन्शनवर चालतंय. तुमच्या मागे मिस्टरांना फॅमिली पेन्शन मिळेल ती शेवटच्या मूळ पगाराच्या साधारण 30 टक्के (तुमची स्वतःची साधारण निम्मी असते), म्हणजे आजच्या 31 हजारांऐवजी 18-19 हजारांच्या आसपास. आणि एका माणसाचा तिथला चार्ज निम्मा नसतो, बऱ्याच ठिकाणी निम्म्यापेक्षा बराच जास्त असतो. हा आकडा आजच लिहून मागा.

मग करायचं काय, तर तिथेच भाड्याने राहून बघा. अशा प्रोजेक्टमध्ये घेऊन ठेवलेले पण स्वतः न राहणारे मालक असतात. समजा 20 हजार भाडं, 28 हजार सर्व्हिस चार्ज, औषधं 8 हजार, म्हणजे 56 हजार, आणि डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने देऊन 15-16 हजार येतील (आपल्या मजल्याला लिफ्ट नाही हे धरून सांगतेय). जमा 74 हजारांच्या आसपास. एक वर्ष काढा, पावसाळा मधे आला पाहिजे, तळेगावचा पाऊस आणि ओल सांध्यांना कशी लागते ते कळतं. शिवाय तुमची जुनी बिल्डिंग, म्हणजे रीडेव्हलपमेंटची गोष्ट आज ना उद्या निघणारच, सोसायटीत विचारा, आत्ता विकून मग वर्षभरात बिल्डर आला तर फार लागेल मनाला.

मिस्टरांचं 'नाही' पण मनावर घ्या. माणूस 73 व्या वर्षी कट्टा सोडतो म्हणजे रोजचं बोलणं सोडतो. आधी दहा दिवस गेस्ट रूम घेऊन राहा, मेसचं जेवण दहा दिवस जेवा, पहिल्या दिवशीचं सगळ्यांनाच आवडतं. दुपारी बाकड्यावर बसलेल्या आजी-आजोबांना विचारा, सेल्सवाल्याला नको. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर कोण येतं, अ‍ॅम्ब्युलन्स आवारात उभी असते का फोन करून बोलवायची, हॉस्पिटल किती मिनिटांवर, आणि अंथरुणाला खिळलो किंवा विसरायला लागलो तर इथेच ठेवतात का घेऊन जा म्हणतात. माझ्या मावशीला असंच दीड महिन्यात जागा सोडायला सांगितलं होतं, फ्रॅक्चर झाल्यावर, कारण तिथे फक्त स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेत होते आणि ते कागदावर होतं, आम्हीच वाचलं नव्हतं. डिपॉझिटही नवीन माणूस आल्यावरच मिळालं, आठ महिन्यांनी.

विकत घ्यायचं ठरलंच तर महारेराचा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारी राज्याची संस्था) नंबर बघा, 2024 पासून ज्येष्ठांच्या प्रकल्पांना महारेराचे वेगळे नियम आहेत, लिफ्ट, रॅम्प, व्हीलचेअर जाईल एवढे रुंद दरवाजे, बाथरूमला धरायला दांडे, ते जागेवर जाऊन बघा. पुढे तो फ्लॅट कुणाला विकता येतो, ट्रान्सफर फी किती, मुलांना वारसा मिळाला तर ती तिथे राहू शकतात का, हे विचारा, बहुतेक ठिकाणी ठराविक वयाखालच्यांना राहता येत नाही. आणि घर विकून घर घेतलं तर नफ्यावरच्या टॅक्समध्ये सूट मिळते, पण तेच पैसे घर नावावर न होता अशा प्रोजेक्टला नुसते डिपॉझिट म्हणून भरले तर ती धरून चालू नका, सीएला आधी भेटा.

दुसरं पत्र नाशिकचं, वय 76, पत्नी नाही. मुलगा म्हणतो घर माझ्या नावावर बक्षीसपत्र करून द्या, वृद्धाश्रमाचा खर्च मी करतो.

काका, नका करू. मुलगा चांगलाच असेल, पण त्याची नोकरी, आजारपण, संसार यांची खात्री तोही देऊ शकत नाही. घर भाड्याने द्या, भाडं तुमच्या खात्यात येऊ दे, त्यातून तुमचा खर्च तुम्हीच भरा आणि घर त्याला मृत्युपत्राने द्या, ते कधीही बदलता येतं. करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रातच लिहा, म्हणजे 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं. अट न लिहिलेल्या प्रकरणात कोर्टात वर्षं जातात. आणि सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढलंय का? उत्पन्नाची अट नाही, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात, नसेल काढलं तर या आठवड्यातच आधार घेऊन जा.