रानात चुनखडी आहे, मग लवणस्तंभांची गुहा का नाही?

प्रश्न : वेरूळ, अजिंठा आणि आमच्या जवळची खरोसा लेणी आम्ही पाहिली आहेत. नातीच्या भूगोलाच्या पुस्तकात लवणस्तंभांची चित्रे आहेत. ते प्रत्यक्ष पाहायचा तिचा हट्ट आहे. आमच्या रानात थोडे खणले तरी चुनखडी लागते, तरी मराठवाड्यात अशी गुहा का नाही? आंध्रातील बेलम गुहेला जाण्याचा विचार आहे. माझ्या पत्नीचे वय 70 आहे, त्यांना ते झेपेल काय?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : आपल्या रानातील चुनखडी मातीतच तयार झालेली असते. पावसाळ्यात मुरलेल्या पाण्यात विरघळलेला चुना, ते पाणी उन्हाळ्यात उडून गेले की मागे राहतो आणि त्याचे खडे बनतात. त्यांच्याखाली मुरूम लागतो आणि त्याखाली सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा काळा पाषाण. हा पाषाण झिजून काळी माती होते, पण चुनखडकासारखा विरघळून आतून पोकळ होत नाही. म्हणूनच आपल्याकडची लेणी माणसाने छिन्नीने कोरलेली आहेत.

पाण्याने गुहा कोरायची तर चुनखडकाचे जाड थर हवेत, आणि ते नंद्याल जिल्ह्यात कोलिमिगुंड्लाजवळ, बेलम येथे आहेत. पावसाचे पाणी हवेतील आणि त्याहून अधिक मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्लधर्मी होते आणि भेगांतून उतरताना खडकातील चुना विरघळवत जाते; पुढे तेच पाणी पोकळीच्या छताला थेंब होऊन लोंबू लागले की वायू निसटतो आणि चुन्याचा सूक्ष्म पापुद्रा मागे राहतो. बोअरच्या पाण्याने हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, त्याचेच हे अतिशय संथ रूप आहे. छतावरून खाली वाढतो तो अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीवरून वर येतो तो ऊर्ध्वमुखी.

ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1884 मध्ये बेलमची नोंद केली, 1982 ते 1984 या काळात जर्मन पथकाने तिची पाहणी केली आणि 2002 मध्ये ती पर्यटकांसाठी खुली झाली. एकूण लांबी 3,229 मीटर असली तरी सुमारे दीड किलोमीटरच पाहता येते. डोंगर चढावा लागत नाही. सपाट रानातील विहिरीसारख्या खड्ड्यातून पायऱ्यांनी खाली उतरायचे. वडाच्या पारंब्यांसारखे लोंबणारे स्तंभ आणि शिवलिंगांसारख्या आकारांनी भरलेले कोटिलिंगालु हे दालन नातीला नक्की आवडेल. तरीही माझ्या मते बेलमचे खरे वैभव पाण्याने गुळगुळीत केलेल्या नागमोडी वाटांत आहे. चित्रातल्यासारखे भव्य स्तंभच पाहायचे असतील, तर विशाखापट्टणमकडील बोर्रा गुहा सरस ठरते, पण ती आपल्याला फार दूर पडते.

सप्तस्वर दालनातील स्तंभ ठोकले की नाद निघतो. तो मोह टाळावा, आणि कोणत्याच स्तंभाला हात लावू नये, कारण हाताचा तेलकटपणा बसलेल्या जागी चुन्याचा नवा थर नीट धरत नाही.

पत्नींविषयी सांगायचे तर आत दमट उकाडा असतो आणि काही वाटा अरुंद व ठेंगण्या आहेत. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. प्रकृती ठीक असेल, तर सुती कपडे आणि न घसरणारी पादत्राणे घालून त्यांनी पहिली मोठी दालने सावकाश पाहावीत. पाताळगंगा हा सर्वांत खोल भाग प्रवेशाच्या पातळीपासून सुमारे 46 मीटर खाली आहे. तेथे आपण नातीला घेऊन जावे आणि पत्नींना घरातील दुसऱ्या कोणासोबत वरच थांबू द्यावे.