जुन्या व्हिडिओ गेममध्ये न वापरलेली पात्रं आणि चित्रं का सापडतात? कंपन्या ती काढून का टाकत नाहीत?

कारण शेवटच्या घडीला काहीही काढून टाकणं धोक्याचं होतं. तेव्हाच्या गेममध्ये प्रत्येक पात्राला, टप्प्याला, संगीताच्या चालीला यादीतला एक क्रमांक असायचा आणि बाकीचा प्रोग्रॅम त्या क्रमांकांच्या भरवशावर चालायचा. मधलाच एक उपटला की पुढचे सगळे सरकणार आणि तपासून झालेला गेम पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागणार. कॅसेट एकदा दुकानात गेली की दुरुस्तीची सोय नाही. म्हणून खोली पाडण्याऐवजी तिचं दार तेवढं बुजवायचे.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या पोकेमॉन रेडचं. खेळाच्या सुरुवातीला आपल्याला पहिला पोकेमॉन देणारे प्रोफेसर ओक आठवत असतील. पूर्ण खेळात ते कधीच लढत नाहीत. पण कॅसेटच्या आत त्यांच्या नावावर लढाईसाठी तीन संघ तयार आहेत. तिन्हींत टॉरस 66 व्या पातळीचा, एक्झेग्युटर 67, आर्कनाइन 68, शेवटी गॅराडॉस 70. बदलतो तो फक्त 69 व्या पातळीचा पोकेमॉन: एका संघात ब्लास्टॉइस, दुसऱ्यात व्हीनसॉर, तिसऱ्यात चारिझार्ड. आता हे आकडे चॅम्पियनशी, म्हणजे खेळातल्या शेवटच्या प्रतिस्पर्ध्याशी, ताडून बघा. शेवटच्या लढाईत त्याचा सर्वांत तगडा पोकेमॉन 65 व्या पातळीचा असतो आणि ओक सुरूच होतात 66 पासून! माझ्या मते यावरून स्पष्ट दिसतं की चॅम्पियनला हरवल्यावर खरा कस ओकसमोर लागणार होता. किती सुंदर शेवट झाला असता तो.

याच गेमच्या यादीत पोकेमॉनसाठी 190 जागा आहेत, वापरात 151. उरलेल्या 39 जागा तशाच रिकाम्या सोडल्यात. खेळातल्या बिघाडामुळे समोर येणारा प्रसिद्ध विचित्र पोकेमॉन 'मिसिंगनो' तिथूनच येतो. आणि 151 वा म्यू तर उलट्या वाटेनं आला. गेम पूर्ण होत आल्यावर चाचणीसाठीचा कोड काढला, तेव्हा जेमतेम 300 बाइट मोकळे झाले, आणि तेवढ्यात शिगेकी मोरिमोतो यांनी म्यू बसवला. खेळात तो कुठेच भेटत नाही. पुढे 1996 मध्ये जपानमधल्या कोरोकोरो मासिकानं 20 वाचकांना म्यू द्यायचं जाहीर केलं, तर तब्बल 78,000 अर्ज आले.

सॉनिक 2 (1992) मधला 'हिडन पॅलेस' हा टप्पा अनेकांना माहीत असतो. प्रकाशनाआधी त्याची चित्रं मासिकांत छापून आली होती, विकलेल्या गेममध्ये मात्र तो नव्हता. चीट कोडनं त्या क्रमांकाच्या टप्प्यात शिरलं तर सॉनिक रिकाम्या जागेत पडून मरतो. साउंड टेस्टमध्ये (गेममधले आवाज क्रमांकानं ऐकायची सोय) 10 क्रमांकाची चाल लावून ऐका, ती मूळ खेळात कुठेच वाजत नाही. 1999 मध्ये गेमची अर्धवट अवस्थेतली प्रत इंटरनेटवर सापडली आणि त्यात हा टप्पा होता. 2013 च्या मोबाइल आवृत्तीत तो पूर्ण करून परत घातला, हे मला फार योग्य वाटलं.

स्वतः शोधायचं असेल तर पोकेमॉनपासून सुरुवात करू नका, त्यातली चित्रं दाबून साठवलेली असल्यामुळे थेट दिसत नाहीत. आपल्याकडे टीव्हीला जोडून खेळायचो त्या 8 बिट गेमपासून करा. सुपर मारिओ ब्रदर्सची सगळी चित्रं 8 किलोबाइटमध्ये आहेत: 8 गुणिले 8 ठिपक्यांचे 512 तुकडे. बहुतेक एम्युलेटरमध्ये (जुने गेम संगणकावर चालवणारे प्रोग्रॅम) हे तुकडे दाखवणारी खिडकी असते. ती उघडी ठेवून खेळा आणि पडद्यावर कधीच न येणारे तुकडे टिपत जा.