बर्फ पडताना पाहायचा की पडलेला?

प्रश्न : माझ्या आईला एकदा तरी बर्फ पाहायचा आहे. ती ७२ वर्षांची आहे, गोव्याबाहेर फारशी गेलेली नाही. नाताळच्या सुट्टीत, २४ ते ३० डिसेंबर, तिला मनालीला न्यायचं ठरवतोय. आज नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, पण मोबाइलवर २६ डिसेंबर या तारखेसमोर बर्फाचं चित्र आत्ताच दिसतंय. सहल ठरवून देणाराही ‘बर्फ नक्की’ म्हणतो. विसंबावं का? शिवाय यंदा आमच्याकडे पहाटेचा गारवा लवकर आला. म्हणजे तिकडे बर्फही लवकर पडणार का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : त्या चित्रावर विसंबून तिकिटं काढू नका. दीड महिन्यानंतरच्या एका ठरावीक दिवशी मनालीत बर्फ पडेल की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही.

हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्र, कास्पियन समुद्र या बाजूला हवेत खळबळ सुरू होते आणि उंचावरचे वेगवान पश्चिमी वारे तिला इराण, अफगाणिस्तानवरून आपल्याकडे आणतात. महिन्याला सरासरी चार ते सहा झंझावात येतात. त्यातले काही उत्तरेकडून निसटतात, काही नुसते ढग दाखवून जातात. २६ तारखेला मनाली गाठणारा झंझावात असलाच, तर तो अजून जन्मालाही आलेला नाही. २०१९च्या नोव्हेंबरात काश्मीरमध्ये इतक्या लवकर बर्फ पडला की पानाफळांनी भरलेली सफरचंदाची झाडं मोडली. आणि २०२४च्या जानेवारीत, ऐन चिल्लई कलानमध्ये, २६५० मीटर उंचीवरचं गुलमर्ग कितीतरी दिवस उघडंबोडकं होतं. हा चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मीरमधला सर्वांत कडक काळ.

म्हणून मी तुम्हाला आधी एकच विचारतो. आईंना बर्फ पडताना पाहायचाय, की पडलेला बर्फ हातात घ्यायचाय? पडणं तारखेवर आहे, आणि तारीख आपल्या हातात नाही. पडलेला बर्फ मात्र बराचसा उंचीवर ठरतो, आणि उंची आपल्याला निवडता येते.

साखळीहून चोर्ला घाट चढताना गाडीची काच खाली केलीत तर वर गार हवा लागते ना? दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं. चोर्ल्याचा माथा सुमारे ८०० मीटर, म्हणजे पाचेक अंशांचा फरक. हेच गणित तिकडे लावा. मनाली २०५० मीटरवर आहे, अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू ३१०० मीटरच्या आसपास. मनालीत चार अंश आणि पाऊस असेल, तेव्हा सिस्सूत शून्याखाली तापमान आणि बर्फ असण्याची शक्यता मोठी. एकदा पडलेला बर्फ तिथे सावलीच्या, उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारांवर पुढे कितीतरी दिवस टिकतो.

हे मी शाळेत पंचवीस वर्षं फळ्यावर शिकवलं, पण मला खरं कळलं ते शिमल्यात. डिसेंबरातली सकाळ, तीन अंश, आणि पाऊस, आपल्या जुलैसारखा चिवट. बायको खिडकीशी हिरमुसून बसली होती. चहावाल्याने सांगितलं, कुफरीला जा. पंधराएक किलोमीटरवर, चारपाचशे मीटर वर. तिथे देवदारांच्या फांद्या बर्फाने वाकल्या होत्या. परत आलो तर शिमल्यातही पावसात पांढरे कण मिसळलेले. खालची हवा कोरडी असली की पडणाऱ्या थेंबांची वाफ होते, त्यात हवेतली उष्णता खर्ची पडते आणि ती आणखी गार होते. म्हणून जमिनीवर एकदोन अंश असतानाही बर्फ पडू शकतो. त्या दुपारी बायकोने कोटाच्या बाहीवर झेललेला तो पहिला कण मी अजून विसरलेलो नाही.

आता अंदाज कधी, कुठला पाहायचा. नोव्हेंबरअखेरीस हवामान खातं हिवाळ्याचा अंदाज देतं. तो तीन महिन्यांच्या सरासरीचा, मोठ्या प्रदेशाचा असतो; २६ डिसेंबरबद्दल तो काहीच बोलत नाही. दर गुरुवारी खातं पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं. १० डिसेंबरनंतरचा पाहा, पण त्यातून आठवडा ओला की कोरडा एवढंच घ्या. खरा भरवसा शेवटच्या पाच दिवसांत. वीस तारखेपासून रोज सकाळी बघा आणि कालचा अंदाज आज बदलला का ते वहीत लिहा. तीन दिवस तो हलला नाही, तर झंझावात येतोय असं धरून चाला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात अर्धं तथ्य आहे. झंझावात पूर्वेकडे सरकला की त्याच्यामागून कोरडे, गार उत्तरी वारे वाहतात. ते कधीकधी महाराष्ट्र ओलांडून आपल्यापर्यंत पोचतात. पण ही बर्फ पडून गेल्यानंतरची थंडी, पडण्याआधीची नव्हे. शिवाय आपला गारवा त्यांच्याविनाही येतो. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि रात्री सह्याद्रीकडून पूर्वेचा वारा, एवढं पुरतं. वाळपईत माझ्या अंगणातला तापमापक अशा पहाटे सोळावर येतो आणि त्याच पहाटे पणजीत पंखा चालू असतो. उलट बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात वादळ उठून ढग आले की पौषातले धालो, म्हणजे बायकांचे रात्रीचे नाच, उकाड्यात घालावे लागतात आणि काजू-आंब्याच्या मोहोराची काळजी लागते. हे वाचून आपल्या बागेचा अंदाज बांधा, मनालीचा नको.

आईंसाठी माझं मत असं. मनालीतच मुक्काम ठेवा. पहिले दोन दिवस तिथेच आराम, मग मनालीजवळचं सोलंग खोरं, आणि सिस्सू शेवटी. समुद्रसपाटीवरच्या माणसाला ३१०० मीटरवर धाप लागते, म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला आणि सिस्सूला दोनतीन तासांपेक्षा जास्त थांबू नका. भर हिमवर्षावात बोगद्याकडे अजिबात निघू नका. डिसेंबर २०२४मध्ये त्याच रस्त्यावर शेकडो गाड्या अडकल्या होत्या. बर्फ पडून गेल्यावर आभाळ उघडतं, रस्ता साफ होतो, तो दिवस निवडा. मात्र सकाळी उशिरा निघा, कारण निरभ्र रात्रीनंतर पहाटे रस्त्यावर काचेसारखा थर गोठलेला असतो. आईंना कापडी बूट घालू नका, ते क्षणात भिजतात. तिथे गमबूट भाड्याने मिळतात, आत लोकरीचे मोजे घाला, आणि चालताना त्यांचा हात धरा.