आजीच्या कार्डावरचं 'चि.'

चि. इरा,
अ. उ. आ.

परवा आजीचं वाढदिवसाचं कार्ड आलं तेव्हा तू विचारलंस, "माझ्या नावाआधी हे 'चि.' काय आहे? शाळेच्या फॉर्मवरपण लिहायचं का?" माझे हात कणकेत होते. "अगं, डिअर असतं तसं," म्हणून मी मोकळी झाले. चुकलंच माझं. डिअर आपण बँकेलाही लिहितो. चि. असं कुणालाही लिहिता येत नाही.

चि. म्हणजे चिरंजीव. पुष्कळ जग, हा आशीर्वाद. तो मोठ्यांनी लहानांना द्यायचा, आपल्याच नावाला आपण लावायचा नाही. म्हणून फॉर्मवर नको. खालचं अ. उ. आ. म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या लहानपणी 15 पैशांचं पोस्टकार्ड मिळायचं. सांगलीहून तुझी पणजी लिहायची, जागा संपली की कार्ड फिरवून कडेकडेनं लिहायची, पण वरचं 'श्री' आणि ही आद्याक्षरं कधी गाळायची नाही. उत्तर लिहायला मला बसवायचे. शि. सा. न. वि. वि. म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. मला तो एकच शब्द वाटायचा, शिसानविवि, एखाद्या गावाचं नाव असावं तसा. (बायकांनी साष्टांग नमस्कार घालायचा नसतो म्हणे. कागदावर मात्र सगळ्या जणी घालायच्या.)

यातलं सगळंच मला आवडतं असं नाही. बाईच्या नावाआधी काय लागणार ते नवऱ्यावर ठरायचं. लग्नपत्रिकेत चि. सौ. कां., लग्न झालं की सौ., नवरा गेला की गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी. शब्द पवित्र, पण पोस्टमनलासुद्धा पाकिटावरून कळावं की ही विधवा. बायको गेलेल्या पुरुषाचं 'श्री.' मात्र तसंच. 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या एका मंत्र्यांनी 'विधवा' ऐवजी हेच शब्द वापरावेत असं सुचवलं, तेव्हा भरपूर टीका झाली. व्हायलाच हवी होती.

आजोबा गेल्यावर आजीला पहिलं पत्र लिहायला घेतलं. पाकिटावर सवयीनं 'सौ.' लिहून गेले आणि हात थांबला. ते पाकीट फाडलं, दुसऱ्यावर नुसतं नाव लिहिलं. नंतर फोनवर मी चाचरत तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "आत 'ती. आईस' लिहिलंयस ना? मग झालं." ती. म्हणजे तीर्थरूप. ते माझ्या बाजूनं लिहिलेलं, आजोबा असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही.

मला चि. लिहिणारी आता आजी एकटीच उरली आहे. सत्तेचाळीस वर्षांची चि. मी! इथे ऑफिसात, दवाखान्यात माझं नाव रोज कुणी ना कुणी लिहितं, स्पेलिंगसुद्धा बरोबर लिहितात. पण त्यात लिहिणारा माझा कोण, ते कुठे दिसत नाही.

आता तू उत्तर लिही. वर मधोमध श्री, मग 'ती. आजीस'. पुस्तकी नियमानं ती. फक्त आईवडिलांना आणि बाकी मोठ्यांना ती. स्व. म्हणजे तीर्थस्वरूप, पण आपल्या घरी तो कुणी पाळला नाही. मग तुझं शिसानविवि. पुढे सायकलवरून पडलीस ते सांग, तिला असलं वाचायला आवडतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल. शेवटच्या 'कळावे'तला ळ मात्र नीट काढ, 'कलावे' झालं तर आठवडाभर हसेल ती.

कळावे,
तुझी आई

ता. क. ओंकार तुझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे. त्याला तू खुशाल चि. लिहू शकतेस. चिडेल, पण तुला तो हक्क आहे.