नोकरी सांभाळून स्वतःचा एखादा प्रोजेक्ट पूर्ण करणं खरंच जमतं का?

तुम्ही लिहिलंय की आयटीत आहात, साडेआठला घर सोडता, रात्री आठला परत येता, दोन ॲप अर्धवट पडलीत आणि पहाटे पाचला उठायचा प्रयोग आठवड्याभरात बारगळला. वेळ कसा काढायचा, असं विचारताय. माझ्या मते वेळेची अडचण दुसऱ्या नंबरची आहे. त्या दोन ॲपची वाट कोण बघतंय, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

मीही पुण्यातच, हिंजवडीत नोकरी करतो. माझा प्रोजेक्ट म्हणजे जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर नीट दिसेल अशा रूपात, आणणारा कन्व्हर्टर. असे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात, हे पहिल्यापासून माहीत होतं. तरी केला, कारण मामाचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, सगळं वर्षानुवर्षं कृतिदेव, श्रीलिपी नाहीतर सी-डॅकच्या सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये केलेलं. गिऱ्हाईक म्हणतं, मागच्या वर्षीचा अहवाल व्हॉट्सॲपवर टाका, आम्ही आकडे बदलून देतो. आणि त्याच्या मोबाइलवर उघडतं नुसतं गिचमिड. मग मामा सगळं पुन्हा टाइप करायला बसणार. तयार कन्व्हर्टर त्याने वापरून पाहिले होते. चुका शोधत बसण्यापेक्षा नव्याने टाइप केलेलं परवडतं, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं.

इथे जरा तपशिलात जातो, कारण मजा तिथेच आहे. कृतिदेवमध्ये ‘किती’ लिहिलेलं असतं तेव्हा फाइलमध्ये मराठी काहीच नसतं. एफ, डी, आर, एच ही चार इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट त्यांना पहिली वेलांटी, क, त आणि दुसरी वेलांटी अशी रूपं देतो. टाइपरायटरच्या जमान्यापासून पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची सवय. युनिकोडमध्ये मात्र आधी क, मग वेलांटी. त्यामुळे अक्षरांची नुसती अदलाबदल करून भागत नाही, वेलांटी उचलून पुढे न्यावी लागते. ‘स्थिर’सारख्या शब्दात तर अख्खा स्थ ओलांडून. रफाराचं नेमकं उलटं. ‘मूर्ती’ टाइप करताना तो त नंतर येतो, युनिकोडमध्ये र् त च्या आधी जाऊन बसतो. त्यात दर ऑपरेटरचा हात वेगळा. कोणी वेलांटी देऊन मग रफार मारतो, कोणी रफार देऊन मग वेलांटी. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. श्रीलिपीची अक्षरजुळणी परत निराळी, तिला वेगळा तक्ता.

हे सगळं मला मामाच्या खऱ्या फाइलींमधून कळलं. घरी बसून कल्पनेने केलं असतं तर मी आधी लॉगिन, मग लोगो, मग डार्क मोड करत बसलो असतो. पहिल्या आवृत्तीत होतं काय, तर एक चौकोन, त्यात मजकूर चिकटवायचा, खाली एक बटण. फॉन्ट एकच, कृतिदेव. दिसायला अगदी ओबडधोबड. मामा तेवढ्यावर वापरायला लागला आणि त्याचे फोन सुरू झाले : ‘अरे, त्या कार्यकारिणीचं बघ जरा, रफार भलत्याच अक्षरावर बसलाय.’ असा फोन आल्यावर रात्री लॅपटॉप उघडायला अलार्म लावावा लागत नाही.

आता वेळेबद्दल. कामाच्या दिवशी जेवण झाल्यावर हाताशी पाऊण-एक तास उरतो आणि त्यातला निम्मा, मागच्या वेळी कुठे होतो, हे आठवण्यात जातो. खरी गळती ही. त्यामुळे उठण्याआधी मी कोडमध्येच साध्या मराठीत एक ओळ लिहून ठेवतो : ‘पुढचं : ज्ञ वरची वेलांटी. पतसंस्थेची फाइल, तिसरं पान, शेवटचा परिच्छेद.’ कधी कधी कोड तपासणारी एखादी चाचणी मुद्दाम नापास अवस्थेत सोडतो. दुसऱ्या दिवशी ती चालवली की काय राहिलंय ते तीच सांगते. डोकं लागणारं काम आठवड्यात काढायचंच नाही. ते शनिवारी सकाळी, घरच्यांशी आधी बोलून. रविवार घराचा, त्यावर चर्चा नाही. पहाटे पाच ज्यांना मानवतं त्यांना मानवतं. मला मानवत नाही आणि त्याचं काही वाईटही वाटत नाही.

सलग सुट्टी मिळाली तर मात्र नवा पाया घालायला वापरा. पायथन भाषा अशीच सुरू झाली : 1989 च्या नाताळात ऑफिस बंद राहणार होतं, म्हणून खिदो व्हान रॉसमने घरच्या कॉम्प्युटरवर विरंगुळा म्हणून ती लिहायला घेतली. बाहेरच्या जगाला ती मिळाली फेब्रुवारी 1991 मध्ये. मध्ये वर्षाहून जास्त काळ गेला आणि त्याची नोकरी चालूच होती. आपल्याकडे दिवाळीला एखादी रजा जोडून तसा आठवडा काढता येतो.

तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायलाच हवं : ऑफर लेटर काढून नीट वाचा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनीच असते. तुमचं ॲप नोकरीचा भाग नाही, हे दाखवायची वेळ आली तर ते कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या खात्यातून लिहिलेलं असून चालणार नाही. शिवाय काही करारांमध्ये कलम याहून ऐसपैस असतं. नोकरीत असताना सुचलेलं सगळंच आमचं, असंही लिहिलेलं सापडतं. तसं असेल तर एचआरकडून ईमेलवर परवानगी घ्या, तोंडी नको. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक एचपी कंपनीत नोकरीला होता तेव्हा त्याने आपला ‘ॲपल वन’ कॉम्प्युटर आधी एचपीलाच देऊ केला होता. त्यांनी नको म्हटलं, मग पुढचं सगळं घडलं. आणि 2022 मध्ये विप्रोने 300 जणांना काढल्याची बातमी वाचून घाबरला असाल, तर ते प्रकरण नोकरीत असताना प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करण्याचं होतं. रात्री घरी स्वतःचं ॲप लिहिणं ही गोष्ट वेगळी आहे. अर्थात तुमचं ॲप तुमच्या कंपनीच्याच धंद्यातलं असेल तर ती वेगळी राहत नाही.

पैशाचं थोडक्यात : चार पैसे यायला लागले की ते धंद्याचं उत्पन्न धरलं जातं आणि पगारदारांचा रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-1, चालत नाही. त्या वर्षी सीएला आधीच गाठा.

राहता राहिलं, दोनपैकी कोणतं ॲप पुढे न्यायचं. प्ले स्टोअरवर टाकणार असाल तर एक चाळणी गूगलनेच लावून ठेवली आहे. 13 नोव्हेंबर 2023 नंतर काढलेलं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल, तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांनी सलग 14 दिवस त्याच्या बंद चाचणीत सामील असावं लागतं. खात्याचे 25 डॉलर भरण्याआधी दोन्ही ॲपसाठी अशी बारा नावं कागदावर लिहून बघा. ऑफिसमधल्या मित्रांना भिडेखातर धरू नका. ज्यांचं त्या ॲपवाचून रोज काहीतरी अडतं, अशीच माणसं लिहा. एकाची यादी चार नावांवर अडकली तर तूर्त ते बाजूला ठेवा आणि दुसऱ्याच्या यादीतल्या पहिल्या माणसाला या शनिवारी फोन करा.