साथ आली की देश आंतरराष्ट्रीय करार गुंडाळून ठेवतात का?

गुंडाळून ठेवतात. २०२० मध्ये मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर असताना मी ते पाहिले आहे. आम्ही आणलेला गहू बंदराने शेवटच्या दाण्यापर्यंत उतरवून घेतला. पण आमच्या मोटरमनची, म्हणजे इंजिनरूममधील कामगाराची, दाढ सुजून त्याला तोंड उघडता येईना, तेव्हा त्याला किनाऱ्यावरील दवाखान्यात नेण्याची परवानगी त्याच बंदराने नाकारली. वास्तविक मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ या नाविकांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तातडीच्या उपचारांची सोय किनाऱ्यावर करून देणे हे बंदराच्या देशाचे कर्तव्य आहे. एजंटाने भाजीपाल्याच्या खोक्यातून गोळ्या पाठवल्या आणि तो माणूस पेज पिऊन इंजिनरूममध्ये वॉच, म्हणजे पाळीची ड्युटी, करत राहिला. त्याचा नोकरीचा करार केव्हाच संपला होता. मुदतवाढीच्या कागदावर त्याने सही केली, कारण घरी जायची वाटच बंद होती.

माझे थोरले मेहुणे वकील आहेत. संकटात प्रत्येक देशाने आधी आपली माणसे पाहावीत, त्यात बेकायदा काही नाही, असे ते आजही ठामपणे म्हणतात. मला हे साफ अमान्य आहे. २०२० च्या अखेरीस सुमारे ४ लाख नाविक मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते, आणि त्याच डिसेंबरात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञ समितीने नोंदवले की देशांनी हा आंतरराष्ट्रीय करार पाळला नाही आणि इतक्या महिन्यांनंतर अपरिहार्यतेची सबब चालणार नाही. मेहुण्यांनी विचारले, ‘‘दंड कोणाला झाला?’’ कोणालाच नाही. मात्र २०२२ मध्ये त्याच करारात दुरुस्ती झाली, आणि तातडीच्या उपचारांची गरज असलेल्या नाविकाला विनाविलंब उतरवून घेण्याचे बंधन डिसेंबर २०२४ पासून लागू आहे.

मार्च-एप्रिल २०२० मधील बंदरांची भीती खरी होती, हेही नमूद केले पाहिजे. सहकार्याविषयी सांगायचे तर मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या जागतिक आरोग्य सभेने महामारी करार स्वीकारला. पण रोगजंतूंचे नमुने देणाऱ्या देशांना लशींचा वाटा कसा मिळावा, हा कळीचा भाग नंतर ठरवायच्या परिशिष्टावर सोडला.

आपल्या घरातले कोणी जहाजावर असेल, तर त्याला सांगा की मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनची प्रत जहाजावर ठेवावीच लागते. ती मागून वाचावी, आणि उपचार नाकारले गेले तर जहाजावरच लेखी तक्रार करून तिची प्रत जपून ठेवावी. तज्ज्ञ समितीने दखल घेतली ती नाविकांच्या आणि जहाजमालकांच्या संघटनांनी लेखी गाऱ्हाणे मांडल्यावर, हे मेहुण्यांसारख्या वकिलाला तरी सांगावे लागू नये.